हद्दीवरची चेरी

माझा वरचा पुढचा एक दात खोटा आहे. कुणी विचारलंच तर मी म्हणते, कामावर असताना लागलं. त्यात खोटं काही नाही. लंडनच्या वायव्येकडच्या एका कौन्सिलमध्ये मी ट्री ऑफिसर होते. नोव्हेंबरातल्या एका दुपारी एका झाडाखाली तो दात गेला, एका निवृत्त हाडांच्या डॉक्टरांच्या कोपरानं. त्यांचं वय सत्त्याहत्तर होतं. मला ते मुलीसारखं मानायचे. त्यांच्या हातात फावडं होतं आणि मी ते धरायला गेले होते.

दापोलीला मी फळबागशास्त्र शिकले. हातात चाकू आणि कलमाची पट्टी घेऊनच मोठी झाले म्हणा ना. लग्नानंतर नवऱ्याला ब्रॅकनेलच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. पुढे मला कौन्सिलमध्ये काम मिळालं, म्हणून घर वेम्बलीजवळ घेतलं. तो रोज मोटरवेवर दोन-अडीच तास घालवायचा आणि मी लोकांच्या गार्डनमधली झाडं बघत फिरायचे. कुठलं पाडायचं, कुठलं छाटायचं, कुठल्याला हात लावू द्यायचा नाही, हे ठरवण्याचं माझं काम. आंब्याच्या कलमांवर हात बसलेल्या बाईला ओक आणि लिंडनच्या फायली सांभाळायला मिळाल्या. पण झाड ते झाड.

त्या डॉक्टरांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, ओळख वेम्बलीतल्या ईलिंग रोडवर झाली. मी भाजीवाल्याकडे अळू निवडत होते. एका ठेंगण्या बाईंनी माझ्या हातातली जुडी काढून घेतली आणि दुसरी दिली. "ती खाजरी आहे गं. ही ने." तेवढ्यावर मैत्री झाली. त्या मला घरी घेऊन गेल्या. तिथे काका भेटले. सत्तरच्या दशकात ज्युनियर डॉक्टर म्हणून आलेले, मग हाडांचे मोठे सर्जन झालेले. उंच माणूस, रुंद पंजे, आवाज एकदम मऊ. एवढ्या वर्षांत तो आवाज चढलेला मी ऐकला नाही. मला ते "पोरी" म्हणायचे. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले होते, त्यामुळे तो शब्द ऐकला की मी विरघळायचे. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत त्यांच्याभोवती माणसांचा घोळका असायचा. कुणाचा गुडघा, कुणाच्या आईचं खुब्याचं हाड, सगळ्यांना ते शांतपणे समजावून सांगायचे. काकू कडेला खुर्चीत बसलेल्या असायच्या, पर्स मांडीवर घेऊन.

त्यांच्या मागच्या गार्डनच्या टोकाला, शेजाऱ्याच्या कुंपणाला अगदी लागून, ती चेरी होती. हिवाळ्यात फुलणारी. इंग्लंडमधली बाकीची सगळी झाडं हाडं काढून उभी असताना हिच्या नागड्या फांद्यांवर नोव्हेंबरपासून फिकट गुलाबी फुलं येतात. कडाका पडला की थांबतात, जरा ऊब आली की पुन्हा येतात, थेट मार्चपर्यंत. ही संकराची जात. जपानच्या डोंगरउतारांवर दोन वेगळ्या रानचेऱ्या जिथे शेजारी शेजारी वाढतात, तिथे ती आपसूक होते. माझे पहिले साहेब एकदा तिकडे गेले होते. दिवसभर चढून त्यांना एकच सापडली, कड्याच्या कपारीत, वाऱ्यानं पिळवटलेली. बाकी जगभर ती माणसानंच वाढवली. बी लावलं तर तशीच येईल याचा भरवसा नाही, म्हणून कलम करावं लागतं. खाली खुंट इथल्या इंग्लिश रानचेरीचा, वर ही. काकूंच्या झाडावर कलमाची जागा स्पष्ट दिसायची. गुडघ्याएवढ्या उंचीवर खोडाला फुगवटा होता. त्याच्या खाली रानचेरीची तकतकीत तांबूस साल आणि वर हिची खरखरीत करडी.

हे झाड काकूंनी लावलं होतं, घर घेतलं त्याच वर्षी. एकदा हिवाळ्यात मी डबा द्यायला गेले, तर त्या झाडाखाली उभ्या होत्या. अंगात नुसता ब्लाउज आणि घरातली साडी, पायात सपाता. हात काखेत दाबून धरलेले.

"काकू, काय करताय? गारठाल ना!"

"फुलं बघत्येय," त्या म्हणाल्या.

मी हसले. आत जाऊन काकांना म्हटलं, काकूंना या झाडाचं वेडच आहे. काकाही हसले. चहा त्यांनीच केला.

पुढच्या वर्षी काकू गेल्या. झोपेतच, हृदय बंद पडून. दोन महिने मी रोज काकांकडे जात होते.

शेजारी एक प्लास्टरर राहायचा. पन्नाशीच्या आसपासचा, जाड मानेचा, सतत चुन्यानं पांढरे झालेले बूट. त्याच घरात तो जन्मला होता. आई गेल्यावर बायकोला घेऊन तिथेच राहिला. मागे त्यानं काँक्रीटचा ओटा घालून वर्कशॉप बांधलं होतं. चेरीच्या मुळांनी तो ओटा उचलला. भेग पडली, दार लागेना. त्याच्या लॉनमधून रानचेरीचे फुटवे वर यायचे. मोसमात ते तो दर आठवड्याला कापायचा आणि ते दुप्पट यायचे. कलमाच्या खालचा खुंट असाच वागतो. त्याला जिथे संधी दिसेल तिथे तो डोकं काढतो. शेवटी त्यानं ठरवलं, आपल्या हद्दीतली मुळं तोडायची. कायद्यानं त्याला तो हक्क होता.

काकांनी मला फोन केला. "पोरी, तुझ्या काकूची ही शेवटची आठवण आहे. तुझ्या हातात काही आहे का?"

माझ्या हातात होतं. कौन्सिल एखाद्या झाडावर संरक्षणाची ऑर्डर काढू शकते. मग परवानगीशिवाय त्याची फांदीही तोडता येत नाही, मूळही नाही. पण त्यासाठी झाड तसं मोलाचं असावं लागतं, रस्त्यावरून दिसणारं, परिसराला शोभा देणारं. गार्डनच्या टोकाला लपलेल्या चेरीवर सहसा कुणी ऑर्डर काढत नाही. मी काढली. मागच्या पायवाटेवरून, वाकून, बरोबर त्या कोनातून फोटो काढला जिथून फुलांचा अर्धा घेर दिसतो. झाडाच्या मालकाशी माझे घरचे संबंध आहेत, हे मी कुठेही लिहिलं नाही. प्लास्टररनं मुळं तोडण्यासाठी रीतसर अर्ज केला. तो नामंजूर करणारी सहीसुद्धा माझीच.

त्यानंतर जे सुरू झालं ते पाहूनही मी पाहिलं नाही. त्यानं लोंबत्या फांद्या करवतीनं कापल्या आणि काकांच्या काचघरावर फेकल्या. चार काचा फुटल्या. काकांनी त्याच्या व्हॅनचे दोन्ही आरसे काठीनं फोडले, सकाळी आठ वाजता, शांतपणे, एकामागोमाग एक. प्लास्टररच्या बायकोनं खिडकीतून पाहिलं. त्यानं दोन घरांमधल्या सामाईक भिंतीवर लाथा घातल्या, "पाकी" ही इथली आपल्या लोकांना द्यायची शिवी देऊन ओरडला. दुसऱ्या दिवशी त्याच्या कुत्र्याच्या तोंडातून फेस आला. कुत्रा वाचला. काय खाल्लं ते कधी कळलं नाही. काका म्हणाले, "म्हातारा झालाय तो." मी मान हलवली. वाईट माणूस कोण, हे माझं आधीच ठरलं होतं.

ऑगस्टमध्ये चेरीची पानं वळायला लागली. आधी शेंड्याची, मग सगळीच. करपल्यासारखी तपकिरी होऊन ती फांदीलाच लटकून राहिली. मी बुंध्याशी गुडघे टेकून बसले. कुंपणाच्या बाजूला, कलमाच्या खाली, ओळीनं भोकं होती, बोटभर जाड. प्रत्येक भोक प्लास्टरनं सफाईनं बुजवलेलं. नखानं एक उकरलं तर आतून काळपट पाणी आलं आणि तणनाशकाचा उग्र वास. वर खोडाला जागोजाग डिंक फुटला होता, पिवळाजर्द. माझ्या मागे उभे राहून काका म्हणाले, "खून आहे हा." त्याही वेळी आवाज मऊच होता.

कौन्सिलनं खटल्याची तयारी सुरू केली. नोव्हेंबरात लाकडाचे नमुने घ्यायला मी पुन्हा गेले. मेलेल्या झाडाच्या एका बाजूला, कशी कोण जाणे, दोन फांद्यांवर फुलं आली होती. काका वाफा खणत होते. हातात सरळ पात्याचं फावडं होतं, कडेला घासून धार लावलेलं. मी खोडाला भोक पाडणार तेवढ्यात कुंपणापलीकडून प्लास्टररचं डोकं वर आलं. तो कशावर तरी चढून उभा होता. उजवा हात कुंपणाच्या वरच्या फळीवर टेकलेला.

"केलं मीच," तो मला म्हणाला. सगळं बोलणं अर्थातच इंग्रजीत. "लिहून घे. पण आधी इकडे येऊन माझा ओटा बघ. एकदा तरी येऊन बघितलास का?"

मी बघितला नव्हता.

"तू घरात जा," काका त्याला म्हणाले.

प्लास्टरर त्यांच्याकडे वळला. "झाडासाठी रडतोस? या बाईंना सांग ना, तुझी बायको थंडीत या झाडाखाली का येऊन उभी राहायची."

काकांनी फावडं उचललं ते घाईत नाही. दोन्ही हातांनी दांडा धरला, नेम धरला आणि पात्याची कड सरळ त्याच्या मनगटावर आणली. ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज झाला. प्लास्टरर ओरडलासुद्धा नाही. त्याचं तोंड उघडं राहिलं आणि तो कुंपणावर कोसळला. कुजकी फळी त्याच्या वजनानं मोडली आणि तो फळीसकट आमच्या बाजूला येऊन पडला, झाडाच्या बुंध्याशी. काका एक पाऊल पुढे गेले. दुसरा घाव त्याच्या कोपराखाली बसला. त्यांनी फावडं पुन्हा वर नेलं. तेव्हा कुठे माझे पाय हलले. मी मागून दांड्याला लोंबकळले. त्यांचं कोपर माझ्या तोंडावर आलं, मी मागे पडले आणि पडता पडता पाहिलं की तिसरा घावही त्यांनी घातला. तो खांद्याला लागला.

मग ते थांबले. सगळीकडे रक्त होतं. त्याच्या मनगटातून ते उसळ्या मारत येत होतं. माझ्या तोंडातूनही येत होतं. मी अंगातलं पिवळं जॅकेट काढून त्याच्या हाताभोवती गुंडाळलं.

"तिथे नाही," काका माझ्या डोक्यावरून म्हणाले. वॉर्डात विद्यार्थ्यांना सांगावं तसं. "दंडाच्या आतल्या बाजूला दाब. हाडावर. अंगठ्यानं. अजून जोरात. हां."

स्वतः ते वाकले नाहीत. मी एका हातानं दंड दाबून दुसऱ्या हातानं अँब्युलन्सला फोन लावत होते, तेव्हा नळ सोडल्याचा आवाज आला. काका फावडं धूत होते.

हॉस्पिटलमध्ये माझ्या ओठाला टाके घातले. संध्याकाळी पोलीस आले, एक तरुण मुलगी होती, शांत. काकांनी आधीच सांगितलं होतं की शेजारी कुंपण मोडून अंगावर आला आणि त्यांनी बचावासाठी फावडं उगारलं. मला विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? मी म्हटलं, कुंपण मोडलं, तो आत आला, काकांनी एकदा मारलं. मग मला लागलं. पुढचं दिसलं नाही.

ते वाक्यही मी सांगितलं नाही. काकूंबद्दलचं.

नंतरच्या रविवारी नवरा मला ब्रॅकनेलच्या पुढच्या रानात फिरायला घेऊन गेला. घरात माझा जीव घुसमटत होता. बीचच्या झाडांमध्ये मधूनच रानचेऱ्या होत्या, त्या खुंटाच्याच जातीच्या, पण सरळसोट, चर्चच्या खांबांसारख्या उंच. एक वादळात मुळासकट उपटून आडवी पडली होती. तिच्यावर आम्ही बसलो.

"तीन घाव घातले त्यांनी," मी म्हटलं. "पहिला घातला तेव्हा तो माणूस पलीकडेच होता."

त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"तुला."

"मग तिथेच राहू दे. अगं, त्या माणसानं झाड मारलं, शिव्या दिल्या, काचा फोडल्या. काका अठ्ठ्याहत्तरीला आलेत. त्यांना तुरुंगात घालून तुला काय मिळणार?"

"आणि त्याचा हात?"

"हात बरा होईल," तो म्हणाला. हे त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

हात बरा झाला नाही. दोन ऑपरेशनं झाली, स्नायूंच्या दोऱ्या शिवल्या, तरी मूठ मिटेना. हे मला प्लास्टररच्या दारात उभं राहून कळलं. साक्षीदारानं तिथे जायचं नसतं. मी गेले. त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि काही न बोलता बाजूला झाली. तो स्वयंपाकघरात बसला होता, उजवा हात उशीवर ठेवून. डाव्या हातानं टोस्टला लोणी लावत होता आणि टोस्ट बशीभर सरकत होता.

"त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात ना," मी म्हटलं, "त्यांच्या बायकोबद्दल..."

त्यानं चाकू ठेवला. "लहानपणी माझी खोली त्यांच्या जिन्याला लागून होती. मध्ये एक वीट. तो कधी ओरडायचा नाही. फक्त तिचा आवाज यायचा. कधी पडल्याचा, कधी भिंतीवर आपटल्याचा. मग मागचं दार वाजायचं आणि ती त्या झाडाखाली येऊन उभी राहायची. तो शांत होईपर्यंत. माझी आई कुंपणावरून म्हणायची, आमच्याकडे ये. ती म्हणायची, फुलं बघतेय. आईनं एकदा पोलिसांना फोन केला. ते आले, डॉक्टरनं त्यांना चहा दिला, ते गेले."

मी न विचारताच खुर्चीवर बसले.

"म्हणून झाड मारलंत?" मी विचारलं.

तो माझ्याकडे वेड्यासारखं बघायला लागला. "ओट्यासाठी मारलं. तिचा काय संबंध? मला माझं वर्कशॉप हवं होतं." मग म्हणाला, "आता वर्कशॉप घेऊन काय करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोलिसांकडे जाऊन जबाब बदलला. तीन घाव, पहिला कुंपणापलीकडच्या हातावर, त्याआधी बोललेलं वाक्य, नळाखाली धुतलेलं फावडं, सगळं. आधी खोटं का बोललात असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, ते मला मुलीसारखं मानतात. लिहून घेणाऱ्या बाईनं मान वर केली नाही. तशीच माझ्या साहेबांकडे जाऊन ऑर्डरचा प्रकारही सांगितला. पण याचा मला अभिमान नाही. हात प्लास्टररचा होता तोवर मी गप्प बसले होते. काकूंचं कळलं तेव्हा बोलले. हे मी स्वतःपासून लपवू शकत नाही.

काका जामिनावर होते, हॅरोला एका जुन्या सहकाऱ्याकडे राहत. मला भेटायला त्यांना मनाई होती. जबाब बदलल्यानंतर आठवड्यानं मी कामावरून निघाले, तर कौन्सिलच्या फाटकाबाहेर ते उभे होते. सूट, मफलर, टोपी, हातात इंग्रजी पेपर. भर दुपार, आजूबाजूला माणसं.

"पोरी, काय लिहून दिलंस तू?"

"जे पाहिलं ते, काका."

"असं." त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, मोठी माणसं प्रेमानं घेतात तसा. मग त्यांचा अंगठा कोपराच्या आतल्या खोबणीत गेला आणि तिथे दाबला गेला. कोपरापासून करंगळीपर्यंत वीज गेली. मी हात ओढून पाहिला, सुटला नाही. ते हसत होते. रस्त्यावरच्या कुणालाही वाटलं असतं, बापलेक बोलताहेत.

"ही नस फार नाजूक असते," ते म्हणाले. "थोडा वेळ जास्त दाबली की बोटं झोपतात. कधीकधी उठतच नाहीत. कलमं करतेस ना तू? बोटं जप."

किती वेळ धरलं कोण जाणे. मिनिटभरही नसेल. पण तेवढ्यात मला चाळीस वर्षांचं एक घर आतून दिसलं. तो जिना, तो न चढणारा आवाज. सोडलं तेव्हा माझी करंगळी आणि शेजारचं बोट दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी लोंबत होती. ते टोपीला हात लावून स्टेशनच्या दिशेनं चालायला लागले.

घरी नवऱ्यानं कोपरावरचा निळा ठसा पाहिला. त्याला मी काही समजावायला गेले नाही. त्यानं ठशावर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला, बरोबर बसला. "चल," म्हणाला. बुटांच्या लेसही न बांधता त्यानं गाडी काढली आणि मला पोलीस स्टेशनला नेलं. त्याच संध्याकाळी काकांना परत आत घेतलं.

मंडळातून फोन आले. एक बाई, जिच्या मुलाच्या मुंजीत मी पानं वाढली होती, म्हणाली, "आपल्या माणसाला असं गोऱ्यांच्या कोर्टात उभं करतात का?" मी काकूंबद्दल सांगितलं. मग ती म्हणाली, "ते काय, सगळ्यांनाच थोडंफार माहीत होतं." मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे भिंतीवर मारला. स्क्रीन फुटली, भिंतीचं प्लास्टर निघालं. माझ्यातही हे होतं तर. मी खाली बसून काचेचे तुकडे वेचले, बोट कापलं, आणि मग कितीतरी वेळ रडत बसले.

कोर्टात शेवटी काकांनी गुन्हा कबूल केला, त्यामुळे मला साक्ष द्यावी लागली नाही. मी मागच्या बाकावर होते. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. न्यायाधीशांनी त्यांच्या वयाचा आणि इतक्या वर्षांच्या सेवेचा उल्लेख केला, आणि मग असंही म्हटलं की हाताची रचना ज्याला या कोर्टातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळते त्यानं तो हात निवडून निकामी केला. त्यांना तुरुंगवास झाला. प्लास्टरर डाव्या हातानं कोट सावरत बाहेर गेला. झाडाबद्दलचा त्याच्यावरचा खटला कौन्सिलनं पुढे नेला नाही. मला लेखी समज मिळाली आणि हद्दीच्या तक्रारी माझ्याकडून काढून घेतल्या. ऑर्डर रद्द झाली.

घर विकायला काकांची मुलगी उत्तरेकडून आली. शाळेत शिकवते, माझ्याहून थोडी मोठी. आईच्या अंत्यविधीला ती एक दिवस आली होती, तेवढीच आमची ओळख. झाड पाडायचं त्या दिवशी तिनं मला बोलावलं. मी गेले, कौन्सिलकडून नाही, अशीच.

कंत्राटदाराच्या माणसानं दोरावर चढून शेंडा उतरवला. मोठ्या फांद्या मेल्या होत्या, तुटताना कोरड्या कडकडत होत्या. ती कुंपणाशी हातांची घडी घालून उभी होती. अचानक पुढे झाली, ट्रकच्या मागून एक हातकरवत उचलली आणि खोडाच्या सगळ्यात खालच्या फांदीवर तुटून पडली. करवत धरायची कशी हे तिला येत नव्हतं. दात अडकायचे, ती हिसका मारायची, पुन्हा ओढायची. तोंडातून घशातला आवाज येत होता. कंत्राटदाराचा माणूस दोरावरून ओरडला, "बाई, सोडा, फांदी तुमच्यावर येईल!" ती थांबेना. मी तिचे दोन्ही खांदे धरले तेव्हा तिनं मला झटकलं आणि शेवटचा हिसका दिला. फांदी तिच्या पायांवर आली. ती खाली बसली. तळव्यांची साल निघाली होती.

स्वयंपाकघरात नळाखाली मी तिचे हात धुतले. ती मराठीत बोलायला लागली. बरेच दिवसांत बोलली नसावी.

"मी नऊ वर्षाची होती. आईचा हात तुटली. बाबानेच तोडला, बाबानेच प्लास्टर घातली. घरीच. खूप छान घातली होती. माझी शाळेत मी सांगितलं, आई जिन्यावरून पडला." तिनं नाक पुसलं. "तुझा स्टेटमेंट वकिलानं मला दाखवली. थँक यू. मी कधी नाही सांगू शकली."

"मीसुद्धा लगेच नाही सांगितलं," मी म्हटलं.

"आय नो. ते पण त्याच्यात होतं."

मी पट्टी बांधली. बाहेर बुंधा दळायचं यंत्र सुरू झालं, खिडकीची तावदानं थरथरायला लागली. त्यावरून ऐकू यावं म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, "शनिवारी त्याला भेटायला जाणार आहे. प्रिझनमध्ये."

मी पट्टीचं टोक आत खोचलं.

"त्याला उबदार सॉक्स पाहिजे म्हणाला," ती म्हणाली. "कुठे मिळतील इकडे?"

मी तिला दुकानाचं नाव सांगितलं. मग पट्टीतल्या हातांनी तिला गाडी चालवता येईना, म्हणून मीच तिला तिथे घेऊन गेले. तिनं लोकरीचे तीन जोड घेतले, करड्या रंगाचे, आणि माप बरोबर आहे ना म्हणून दोनदा बघितलं.